मराठीतून फ्रेंच : रोजच्या शब्दांच्या वहीच्या प्रकल्प नोंदी

8 जून 2025, खानापूर

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. फ्रेंच नव्याने शिकणाऱ्या मराठी माणसाला रोजच्या व्यवहारात लागणारे शब्द आणि बोलण्याच्या रीती एका वहीत मिळाव्यात, त्या वहीत फ्रेंचसमोर थेट मराठी असावे आणि मध्ये इंग्रजी नसावी, एवढेच आम्हाला करायचे आहे. आम्ही म्हणजे मी, नुकतीच बारावी झालेली माझी भाची आणि बेळगावात टिळकवाडीला राहणारे माझे जुने सहकारी. सरांची मातृभाषा कन्नड आहे, पण मराठी ते आमच्याइतकेच सहज बोलतात. तिघेही फ्रेंचमध्ये नवशिके आहोत. भाचीला देल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या ए-वन या पहिल्या पातळीला बसायचे आहे. या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही भागांना प्रत्येकी 25 गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी 100 पैकी 50 गुण लागतात आणि कोणत्याही भागात 5 पेक्षा कमी गुण चालत नाहीत. म्हणजे नुसते शब्द पाठ करून भागणार नाही, ते कानाला आणि जिभेलाही सरावाचे व्हावे लागतील.

इंग्रजी मध्ये का नको, याचे कारण सुरुवातीलाच लिहून ठेवते. आमच्या हाती आलेली सगळी पुस्तके इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारी आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्याकडच्या मुलांना त्यांतून दोनदा भाषांतर करावे लागते. शिवाय इंग्रजीशी मिळतेजुळते दिसणारे शब्द चुकीच्या दिशेला नेतात. ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, वाचनालय नव्हे. वाचनालयाला ‘बिब्लियोतेक’ म्हणतात. ‘मोने’ म्हणजे सुट्टे पैसे. ‘दमाँदे’ म्हणजे नुसते विचारणे, त्यात मागणीचा आग्रह नाही. ‘आताँद्र’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘रेस्ते’ म्हणजे थांबणे किंवा राहणे. मराठी अर्थ थेट समोर लिहिला, तर या शब्दांत अवघड असे काहीच उरत नाही.

15 जून 2025

आज लिपी आणि उच्चार यांचे नियम ठरवले. वहीत फ्रेंच शब्द देवनागरीत लिहायचे आणि त्यांचे मूळ लेखन वेगळ्या रकान्यात ठेवायचे, असे ठरले. देवनागरीत ज्या ध्वनींना अक्षर नाही, त्यांच्यासाठी तीन खुणा घेतल्या. ‘ज’खाली नुक्ता असेल, तर ‘श’ म्हणण्यासाठी जीभ जिथे ठेवतो तिथेच ठेवून आवाजाला घोष, म्हणजे घशातला कंप, द्यायचा, म्हणजे ‘बोँज़ूर’मधला ध्वनी निघतो. तांबड्या शाईतला उकार असेल, तर जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे ठेवायचे. चंद्रबिंदू असेल, तर स्वर नाकातून काढायचा आणि त्याच्यामागे ‘न’ किंवा ‘म’ येऊ द्यायचा नाही.

या तिसऱ्या खुणेवर बराच वेळ गेला. लेखी मराठीत पूर्वी ‘मीं’, ‘तूं’, ‘केलें’, ‘नांव’ असे अनुस्वार होते, पण बोलण्यातून त्यांचे उच्चार गेलेले असल्यामुळे 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. त्यामुळे माझ्या पिढीच्या कानाला अनुनासिक स्वर परका वाटतो. आमच्या शेजारच्या काकी मात्र कोकणी बोलतात, आणि त्या ‘हांव येतां’ म्हणतात तेव्हा प्रत्येक स्वर नाकातून स्वच्छ ऐकू येतो. ‘अँ बोँ वँ ब्लाँ’ हे फ्रेंच अनुनासिकांच्या सरावाचे ठरलेले वाक्य आहे. त्याचा अर्थ ‘एक चांगली पांढरी वाइन’. काकींनी ते पहिल्याच ऐकण्यात बरोबर म्हटले आणि त्यात काय अवघड आहे, असे विचारले. भाची आता रोज त्यांच्यापाशी बसून हे चार स्वर घोटते. पॅरिसकडच्या बहुतेक बोलणाऱ्यांच्या तोंडी यांतला पहिला आणि तिसरा स्वर एकच झालेला आहे, म्हणून वहीत आम्ही दोघांना एकच खूण ठेवली.

दुसरी सोय अशी की फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने आपण ‘टेबल’ म्हणतो, पण फ्रेंच शब्द ‘ताब्ल’ आहे. प, त, क म्हणताना इंग्रजीत जो श्वासाचा झोत निघतो, तोही फ्रेंचमध्ये नाही. आपल्या ‘पाटी’तला प आणि ‘कान’मधला क तसेच्या तसे चालतात. इंग्रजी उच्चारांना चिकटून फ्रेंच शिकणाऱ्याला जे सोडून द्यावे लागते, ते आपल्याला मुळात घ्यावेच लागत नाही.

‘र’ मात्र नव्याने शिकावा लागतो. जिभेचे टोक खालच्या दातांमागे स्वस्थ ठेवून तो पडजिभेजवळून काढायचा असतो.

22 जून 2025

वार आणि काळवेळ. हा विभाग अपेक्षेपेक्षा लवकर झाला, कारण वारांची व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. ‘लँदी’ चंद्राचा, म्हणजे सोमवार. ‘मार्दी’ मंगळाचा, ‘मेर्क्रदी’ बुधाचा, ‘ज़दी’ गुरूचा आणि ‘वाँद्रदी’ शुक्राचा. शेवटचा ‘दी’ हा लॅटिनमधल्या दिवसवाचक शब्दातून आलेला आहे. ‘साम्दी’ आणि ‘दिमाँश’ या दोघांचा ग्रहांशी संबंध नाही. पहिला ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या वारावरून आला आणि दुसऱ्याचा अर्थ प्रभूचा दिवस असा आहे. इंग्रजी नावांमध्ये मंगळ ते शुक्र हे ग्रह उत्तरेकडच्या देवतांच्या नावांआड गेलेले आहेत, फ्रेंचमध्ये ते उघड दिसतात.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे आठवडा मोजण्याची रीत. फ्रेंच माणूस एका आठवड्याला ‘वी ज़ूर’, म्हणजे आठ दिवस, आणि दोन आठवड्यांना ‘कँझ ज़ूर’, म्हणजे पंधरा दिवस म्हणतो. आपणही ‘आठ दिवसांनी या’, ‘पंधरा दिवसांनी बघू’ असेच म्हणतो आणि त्यात कोणी सात किंवा चौदा मोजत नाही. हे शब्द वहीत एका ओळीत बसले, खुलासा लिहावा लागला नाही.

‘परवा’पाशी मात्र मराठी अपुरी पडली. आपला ‘परवा’ मागे आणि पुढे दोन्हीकडे चालतो, फ्रेंचमध्ये मागच्या परवाला ‘आवाँत्येर’ आणि पुढच्या परवाला ‘आप्रे-दमँ’ असे दोन शब्द आहेत. सर म्हणाले, “आमच्यात आहेतच की दोन. मोन्ने आणि नाडिद्दु.” कन्नडमधली ही जोडी इकडच्या बहुतेक मराठी माणसांनाही कळते, म्हणून वहीत या एका ठिकाणी मराठीशेजारी कन्नड शब्द लिहिले आहेत. सीमाभागात राहणाऱ्याच्या तोंडी रोज दोन-तीन भाषा असतात आणि त्यांतली जी ज्या जागी उपयोगी पडेल ती त्या जागी वापरावी, असे आमचे मत या विभागामुळे पक्के झाले.

13 जुलै 2025

लिंग. खानापुरात पावसाने घराबाहेर पडण्याची सोय नाही, त्यामुळे घरातल्या वस्तूंचीच यादी केली.

फ्रेंचमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. वस्तूला लिंग असते ही कल्पनाच इंग्रजीतून शिकणाऱ्याला समजून घ्यावी लागते; आपल्याला ती जन्मापासून आहे. ‘चांगला, चांगली’ असे विशेषण बदलणे, ‘ती गेली’ असे क्रियापद बदलणे हेही आपल्या अंगवळणी पडलेले आहे, आणि फ्रेंचमध्ये ‘गेली’ लिहिताना स्त्रीलिंगाची खूण लावावी लागते हे भाचीला सांगताच पटले. अडचण वेगळी आहे. प्रत्येक शब्दाला आपल्या मनात आधीच एक लिंग चिकटलेले असते आणि ते फ्रेंचशी जुळेलच असे नाही. म्हणून सर्व नामे आम्ही तीन गटांत वाटली.

पहिला गट जुळणाऱ्या शब्दांचा. खुर्ची आणि ‘ला शेझ’, खिडकी आणि ‘ला फनेत्र’, जीभ आणि ‘ला लाँग’, नदी आणि ‘ला रिव्येर’ ही सर्व दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहेत. पलंग आणि ‘ल ली’, भात आणि ‘ल री’, पाय आणि ‘ल प्ये’ ही पुल्लिंगी आहेत. हे शब्द एकदा वाचून पुढे जायचे. दुसरा गट मराठीतल्या नपुंसकलिंगी नामांचा, ज्यांना फ्रेंचमध्ये कुठेतरी एका बाजूला जावे लागते. घर ‘ला मेझोँ’, डोके ‘ला तेत’, तोंड ‘ला बूश’ आणि पाणी, म्हणजे ‘लो’, ही स्त्रीलिंगाकडे गेली; दूध ‘ल ले’, मीठ ‘ल सेल’, पुस्तक ‘ल लीव्र’ आणि नाक ‘ल ने’ ही पुल्लिंगाकडे. तिसरा गट उलट जाणाऱ्या शब्दांचा आहे आणि सगळा अभ्यास त्यातच आहे. हात आपल्याकडे तो, तिकडे ‘ला मँ’ ती. चंद्र आपल्याकडे तो, तिकडे ‘ला लून’ ती. पाऊस तो, ‘ला प्लुई’ ती. आणि साखर आपल्याकडे ती असताना ‘ल सुक्र’ मात्र तो. या तिसऱ्या गटाची पाने रंगीत कागदाची करायची असे भाचीने सुचवले आणि ते लगेच मान्य झाले.

नाम कधीही एकटे लिहायचे नाही, ‘ल’ किंवा ‘ला’ जोडूनच लिहायचे, हा नियम संपूर्ण वहीला लागू केला. शब्दाच्या शेवटावरून लिंग ओळखण्याचे काही आडाखे आहेत. ‘-स्योँ’ने संपणारी भाववाचक नामे स्त्रीलिंगी असतात, ‘-माँ’ने संपणारी बहुधा पुल्लिंगी. ‘-आज़’ने संपणारीही बहुधा पुल्लिंगी असतात, पण ‘ला प्लाज़’ म्हणजे समुद्रकिनारा आणि ‘ला पाज़’ म्हणजे पुस्तकाचे पान हे नेहमीचे अपवाद आहेत. हे आडाखे शेवटच्या पानावर घेतले.

20 जुलै 2025

माझ्या मते आजची नोंद या प्रकल्पाचा गाभा आहे. शब्द जुळणे ही वरवरची गोष्ट असते, वाक्याची ठेवण जुळते तेव्हा भाषा खरोखर हाताशी येते. आज अशा ठेवणी शोधत बसलो आणि त्या एकामागून एक सापडत गेल्या.

पहिली ‘शे’. डॉक्टरांकडे जाणे ‘शे ल मेदसँ’, मावशीकडे ‘शे मा ताँत’, आमच्याकडे ‘शे नू’. इंग्रजीत यासाठी घर, दवाखाना, दुकान अशी प्रत्येक वेळी वेगळी सोय करावी लागते. मराठीचा ‘-कडे’ मात्र हे सगळे एकट्याने पेलतो आणि ‘आमच्याकडे असं बोलतात’ यात प्रदेशाचा अर्थ येतो, तसाच तो ‘शे नू’मध्येही येतो.

दुसरी आवडण्याची. ‘सा म प्ले’ म्हणजे ‘मला हे आवडतं’. ‘से फ्लर म प्लेझ’ म्हणजे ‘मला ही फुलं आवडतात’. फुले अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी झाले आणि आवडणारा माणूस ‘मला’च्या रूपात बाजूला उभा राहिला. ‘ईल म फो द्यु पँ’ म्हणजे ‘मला पाव पाहिजे’, आणि ‘ईल म माँक द झरो’ म्हणजे ‘मला दोन युरो कमी पडतात’. या ठेवणी इंग्रजीतून समजावताना पुस्तकाने अर्धे पान खर्च केले आहे. भाचीने मराठी वाक्य वाचले आणि नुसती मान डोलावली.

तिसरी ‘दपुई’. ‘ज़ाबीत आ खानापूर दपुई दी झाँ’ म्हणजे ‘मी दहा वर्षांपासून खानापुरात राहतो’. क्रियापद वर्तमानकाळी, दोन्हीकडे. चौथी ‘ओँ’, जो बोलण्यात सर्रास ‘आम्ही’च्या जागी येतो आणि ‘कोणीही माणूस’ या अर्थानेही येतो. ‘आपण उद्या जाऊ’ आणि ‘आपण कुणाला वाईट बोलू नये’ या दोन वाक्यांतला आपला ‘आपण’ हीच दोन कामे करतो. पाचवी ‘सी’. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा असेल, तर फ्रेंचमध्ये ‘वी’, म्हणजे नेहमीचे ‘हो’, चालत नाही, ‘सी’ लागतो. ‘तू येणार नाहीस?’ याला आमच्या बाजूला ‘येणार की!’ असे उत्तर येते. तो ‘की’ जे काम करतो तेच ‘सी’चे आहे. आणि आतून हाक आल्यावर जागचे न हलता आपण ‘आले, आले’ म्हणतो, तेव्हा फ्रेंच माणूस ‘ज़ारीव’ म्हणतो, म्हणजे तो पोचतो आहे.

जिथे मराठीची मदत होत नाही, तेही त्याच पानावर लिहिले. भूक, तहान, थंडी आणि वय ही फ्रेंचमध्ये माणसाजवळ ‘असतात’: ‘ज़े फँ’, ‘ज़े स्वाफ’, ‘ज़े फ्रवा’, ‘ज़े वँ ताँ’. आपल्याला भूक लागते, थंडी वाजते आणि वय नुसते असते. हा गट जसा आहे तसाच पाठ करावा.

27 जुलै 2025

नातेवाईक. ‘ताँत’मध्ये मावशी, आत्या, काकू आणि मामी येतात, ‘ओँक्ल’मध्ये काका, मामा आणि आत्याचे यजमान येतात. ‘बो-पेर’ म्हणजे सासरा, पण सावत्र वडीलही. ‘बेल-मेर’ म्हणजे सासू आणि सावत्र आई. संदर्भ पाहूनच अर्थ घ्यावा. बाकी विभाग सरळ आहे.

3 ऑगस्ट 2025

अंक. एकोणसत्तरपर्यंत काही अडचण नाही. पुढे 70 साठी ‘स्वासाँत-दीस’, म्हणजे साठ आणि दहा; 80 साठी ‘कात्र-वँ’, म्हणजे चार वीस; 90 साठी ‘कात्र-वँ-दीस’. शिकणारे या ठिकाणी गडबडतात, असे सगळी पुस्तके सांगतात. पण आमच्या भागातली जुनी माणसे आजही नारळ किंवा आंबे मोजताना ‘चार विसा’ म्हणतात, आणि कापडाच्या व्यापारात वीस नगांची कोडी चालत आलेली आहे. फ्रान्समध्येही ही मोजणी पूर्वी अधिक पसरलेली होती. तेराव्या शतकात राजा नववा लुई याने पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी काढलेल्या आश्रयस्थानाचे नाव ‘कँझ-वँ’, म्हणजे पंधरा विसा असे आहे आणि ते आज डोळ्यांचे रुग्णालय आहे. भाचीला ‘विसा’ हा शब्द माहीत नव्हता. तिच्या आजीने तो तिला हिशेब घालून दाखवला आणि 97 म्हणजे ‘चार विसा सतरा’ हे तिच्या डोक्यात पक्के बसले.

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 साठी ‘सेप्ताँत’ आणि 90 साठी ‘नोनाँत’ हे सुटसुटीत शब्द आहेत. ते ओळखता यावेत म्हणून लिहिले आहेत, पण बोलताना फ्रान्सचीच रीत ठेवायची. फ्रान्समध्ये दूरध्वनी क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात, त्यामुळे 70 ते 99 हे अंक ऐकताक्षणी कळणे गरजेचे आहे. सर रोज संध्याकाळी पाच जोड्या वाचून दाखवतात आणि भाची त्या लिहून घेते.

10 ऑगस्ट 2025

खाण्याचे पदार्थ. गोवा जवळ असल्याने पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपल्या तोंडात आहेत आणि पोर्तुगीज व फ्रेंच या दोन्ही लॅटिनच्या लेकी आहेत. त्यामुळे पाव आणि ‘पँ’ हे शब्द शेजारी शेजारी बसतात. काजू आणि ‘काज़ू’, अननस आणि ‘आनाना’ हेही तसेच बसतात, पण ते लॅटिनचे नव्हेत, मूळचे दक्षिण अमेरिकेतले शब्द आहेत. पगार आणि ‘पेये’, म्हणजे पैसे देणे, यांचेही मूळ एकच आहे. जेवणांची नावे मात्र देशागणिक बदलतात. फ्रान्समध्ये ‘देज़ने’ हे दुपारचे जेवण, पण बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तीच सकाळची न्याहारी आहे.

24 ऑगस्ट 2025

तू आणि तुम्ही. फ्रेंचमध्ये ‘तू’ आणि ‘वू’. एकेरी शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे, फक्त फ्रेंच ‘तू’चा उकार तांबडा. ‘अरे-तुरे करणे’ याला ‘त्युत्वाये’ आणि ‘अहो-जाहो करणे’ याला ‘वूव्वाये’ अशी स्वतंत्र क्रियापदे फ्रेंचमध्ये आहेत, त्यामुळे ही बाब त्यांनाही आपल्याइतकीच महत्त्वाची वाटते हे उघड आहे. दुकानदार, डॉक्टर, अनोळखी प्रौढ माणूस आणि परीक्षक यांना नेहमी ‘वू’. घरात मात्र फरक आहे. आपल्याकडे आईला तू आणि पुष्कळ घरांत वडिलांना तुम्ही म्हणतात. तिकडे बहुतेक घरांत आई, वडील, आजी, आजोबा सर्वांनाच ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. हे वाक्य मी वहीत अधोरेखित केले आहे, कारण आपल्याकडचे मूल आजोबांना एकेरी हाक मारायला धजणार नाही.

याच पानावर अभिवादने घेतली. दुकानात शिरताना आधी ‘बोँज़ूर’, मग काम. ते न म्हणता थेट वस्तू मागणे तिकडे उद्धटपणाचे समजतात. ‘बोन नुई’ फक्त झोपायला जाताना म्हणतात. निघताना दिवसा ‘बोन ज़ूर्ने’, संध्याकाळी ‘बोन स्वारे’. ‘सिल वू प्ले’ याची फोड केली, तर ‘तुम्हाला आवडत असेल तर’ अशी होते. 20 जुलैच्या नोंदीतले आवडण्याचे क्रियापद इथे पुन्हा भेटते.

14 सप्टेंबर 2025, बेळगाव

सरांच्या घरी बोलण्याच्या परीक्षेची पहिली पूर्ण तालीम केली. ए-वनला बोलण्याचे तीन भाग असतात: स्वतःविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देणे, चिठ्ठ्यांवरच्या शब्दांवरून परीक्षकाला प्रश्न विचारणे, आणि शेवटी खरेदीसारखा एखादा प्रसंग वठवणे, ज्यात खोटी नाणी आणि नोटाही देतात. तिसऱ्या भागासाठी येताना मंडईतून टोमॅटो, कांदे आणि केळी घेऊन आलो होतो.

मागण्याचे वाक्य ‘ज़ वूद्रे’ने सुरू करायचे, ‘ज़ व’ने नाही. दुसऱ्याचा अर्थ सरळ ‘मला पाहिजे’ असा आहे आणि तो कानाला रोखठोक लागतो. भाचीने विचारले, “मावशी, पण मग वूद्रेला मराठीत काय लिहू?” उत्तर आपल्या बाजारातच होते. आपण दुकानदाराला ‘एक किलो कांदे हवे होते’ म्हणतो. गरज आत्ताची असते, तरी मृदुपणासाठी क्रियापद मागच्या काळात नेतो. फ्रेंच माणूसही बोलणे मृदू करण्यासाठी क्रियापदाचे रूपच बदलतो, आणि ‘ज़ वूले वू दमाँदे’ म्हणजे ‘मला तुम्हाला विचारायचं होतं’ या वाक्यात तर आपल्यासारखाच भूतकाळ वापरतो. वहीत ‘ज़ वूद्रे’समोर ‘मला हवे होते’ असे लिहिले.

परिमाणानंतर ‘द’ येतो: ‘अँ किलो द तोमात’. बाजारात ‘युन लीव्र’ असे ऐकू आले, तर तो अर्धा किलो. इथे ‘लीव्र’ स्त्रीलिंगी आहे, पुस्तकाचा ‘लीव्र’ पुल्लिंगी. किंमत विचारायला ‘सा फे कोँब्यँ?’. सर दुकानदार झाले. भाचीने ‘बोँज़ूर म्सिय’ने सुरुवात केली, तिन्ही वस्तू मागितल्या, किंमत ऐकून खोट्या नोटा मोजून दिल्या आणि ‘मेर्सी, बोन ज़ूर्ने’ म्हणून निघाली. किमतीत सरांनी मुद्दाम ‘कात्र-वँ-दूझ सांतीम’ घातले होते, ते तिने न थांबता 92 असे ओळखले.

राहिलेले काम असे: दवाखाना आणि रेल्वे स्थानक या दोन प्रसंगांचे संवाद लिहायचे, रंगीत पानांवरची नामे पुन्हा तपासायची, आणि वहीच्या तीन प्रती काढून त्यांतली एक काकींना द्यायची, कारण अनुनासिक स्वरांच्या पानावरचे सर्व शब्द त्यांच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्यायचे आहेत.